उजव्या बाजूचा व्यायाम

॥ श्री ॥
दि. ४ जानेवारी

प्रिय वन्सं यांस,

वजनदार वहिनीचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

फोनवर बोलायचं म्हटलं की तुमचे बंधुराज शेजारी कान लावून उभे राहतात आणि अर्ध्यावर तेच रडायला लागतात, म्हणून हे पत्र. तपासण्यांचे निकाल काल हाती आले. बंधुराजांचं रक्त तुमच्याशी जुळत नाही. सख्खा भाऊ असून नाही. माझं मात्र जुळलं! लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून आपल्या दोघींचं कशावर एकमत झालेलं नाही, आमटीतल्या मिठावरसुद्धा नाही, आणि रक्त तेवढं एक निघालं. देवाला विनोद कळतो हे मी नेहमीच म्हणते. तर तुमचं यकृत निकामी होत चाललंय, त्या जागी माझ्या यकृताचा तुकडा बसवता येईल. इथवर सगळं छान.

पुढे माशी शिंकली. डॉक्टरांनी पडद्यावर माझं यकृत दाखवलं. मला वाटलं, आभाळ भरून आलंय. ते म्हणाले, ही चरबी. इतकी चरबी असलेला तुकडा काढणं मला धोक्याचं आणि बसवणं तुम्हाला, त्यामुळे ते सुरीला हात लावणार नाहीत. एप्रिलमध्ये पुन्हा तपासू, तोवर व्यायाम करून चरबी उतरवा, म्हणाले. एप्रिलच्या पुढे थांबणं तुमच्या प्रकृतीला झेपणार नाही, हे त्यांनी जरा हळू आवाजात सांगितलं. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंच असेल, तेव्हा लपवत नाही.

वन्सं, जन्मभर मी साय फेकली नाही, पातेल्याला लागलेलं खरवडून खाल्लं, कुणी पानात टाकलं तर अन्न हे देव म्हणून मीच संपवलं. मला वाटायचं, केवढी मी काटकसरी! शरीर माझ्याहून चिक्कू निघालं. त्याने काहीएक खर्ची टाकलं नाही. सगळं जमेला धरलं, आणि ते ठेवलं कुठे, तर नेमकं तुमच्यासाठी लागणाऱ्या जागेत.

आता कोणत्या व्यायामाने चरबी सगळ्यात लवकर जळते, याचा शोध चालू आहे. वरच्या मजल्यावरच्या टायपिस्ट बाईंनी दोरीवरच्या उड्या सांगितल्या. कपडे वाळत घालायची दोरी होतीच, म्हणून लगेच सुरू केल्या. खालचे घड्याळजी संध्याकाळी वर आले आणि हात जोडून म्हणाले की माझ्या उड्यांनी त्यांच्या कपाटातली दोन बंद घड्याळं चालू झाली, त्याबद्दल आभार, पण चार चालू होती ती बंद पडली. उड्या थांबवल्या. मग हॉस्पिटलातल्या व्यायामाच्या खोलीत एका जागी खिळलेली सायकल चालवून पाहिली. घाम निथळला, पण उतरले तर तिथेच! इतके पाय मारून साधी कोथिंबिरीची जुडी घरात येत नाही, असला व्यवहार मला जमायचा नाही.

शेवटी मीच डोकं चालवलं. यकृत असतं उजव्या बाजूला. मग डावी बाजू हलवून श्रम वाया का घालवायचे? आजपासून सगळा व्यायाम फक्त उजवीकडचा. उजवा हात, उजवा पाय, उजवीकडे वाकणं. बंधुराज म्हणाले की मॅट्रिक झालेल्या बाईला हे शोभत नाही. मी म्हटलं, मॅट्रिकला शरीरशास्त्रात मला काठावर का होईना, पास केलंय.

लोभ आहेच, तो वाढत जावा आणि बाकी सगळं घटत जावं, हे मागणं.

तुमची,
वहिनी (सध्या घाऊक भावातली)


॥ श्री ॥
दि. १९ जानेवारी

ती. वहिनींस,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग आता कागदावरच. खाली वाकले तर उठवायला माणूस लागतं.)

पत्र वाचून इतकी हसले की दुकानात आलेलं गिऱ्हाईक मोजपट्टी तशीच गळ्यात ठेवून बघत बसलं. वहिनी, तुमची मापं मला तोंडपाठ आहेत. तुम्ही नवी नवरी होतात तेव्हापासून तुमचा प्रत्येक ब्लाउज या हातांनी शिवलाय. तुमची उजवी बाजू डावीच्या पुढे कधी गेलेली नाही, दोघी बहिणी बरोबरीने वाढल्यात. तेव्हा एकीलाच शिक्षा कशाला?

खरं सांगू का, या वयात हा खटाटोप करू नका. गुडघे दुखतील, पाठ धरेल आणि दादाच्या चहाचे हाल होतील. माझी तब्येत बरी आहे. डोळे जरा पिवळे दिसतात, पण पिवळा रंग मला शोभतो असं गिऱ्हाइकं सांगतात.

सोबत पार्सलने दोन वस्तू पाठवतेय. एक, व्यायामासाठी नवा पोशाख. चांगला मोकळा शिवलाय, म्हणजे कुठे काचायला नको. दुसरा, गोडाचा डबा. शेजारणीकडून करून घेतलाय, तूप हात सोडून घाला म्हणून मीच सांगितलं होतं. देवापुढे ठेवून मगच भरलाय, तेव्हा तो प्रसाद आहे आणि तो फक्त तुमच्यासाठी आहे. दादाला देऊ नका, त्याची साखर वाढते. टाकू तर मुळीच नका. तुम्हाला हे सांगायला हवं असं नाही म्हणा.

दादाला सांगा, रडका चेहरा घेऊन फोन करू नकोस. माया आहे तशीच राहू द्या, तीच पुरे.

तुमची लाडकी आणि अंमळ आगाऊ,
नणंद


॥ श्री ॥
दि. १० फेब्रुवारी

प्रिय वन्सं यांस,

मान एकीकडे कललेल्या वहिनीचा वाकडाच नमस्कार, वि. वि.

हसून घ्या एकदाचं. उजवीकडचा व्यायाम मी मनापासून केला आणि परवा सकाळी उठले तर मान उजवीकडे जी वळली ती वळलीच. दूधवाल्याशी बोलताना त्याला वाटलं, मी जिन्यातल्या मांजराशी बोलतेय. तशीच हॉस्पिटलात गेले. तिथे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आहेत, गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मी त्यांना शिट्टीबाई म्हणते. मी माझी पद्धत समजावून सांगितली. त्यांनी आधी भिंतीकडे तोंड केलं, त्यांचे खांदे हलत होते. मग त्या म्हणाल्या की चरबी जिथे हलवाल तिथूनच उतरते असं नाही. शरीर सगळीकडून थोडी थोडी काढतं, आणि कुठून आधी काढायची ते आपल्याला विचारत नाही. पोट हलवून पोट जात नाही आणि कूस हलवून यकृत रिकामं होत नाही. वन्सं, महिनाभर मी एका बाजूने घाम गाळला तो कुणाच्या खाती गेला, देव जाणे.

आता खरा व्यायाम सुरू झालाय. मुख्य म्हणजे भरभर चालायचं. किती भरभर, याची खूण शिट्टीबाईंनी सांगितली की चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये. मी ते स्तोत्रावर बसवलं. चालीवर म्हणता आलं तर मी रेंगाळतेय, शब्द सुटे सुटे बाहेर पडले तर वेग बरोबर, आणि नुसतं देवा, देवा एवढंच निघालं तर कट्टा बघून बसायचं. शिवाय खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड आणि दोन हातांत पाण्याचे डबे घेऊन जिने. हे कशाला, तर स्नायू वाढले की ते बसल्या जागी चरबी खातात म्हणे. घरात बसून खाणारं माणूस पहिल्यांदाच माझ्या कामाचं निघालं.

जिने चढताना रिकाम्या हाताने चढायला माझं मन घेत नाही, म्हणून टायपिस्ट बाईंचं दळण आणि घड्याळजींच्या आईचं पाणी मीच वर नेते. इमारतीत माझी किंमत भलतीच वाढलीय.

पण वन्सं, वजन मात्र उतरत नाही. उलट काटा थोडा पुढेच सरकला. शिट्टीबाईंनी खाणंपिणं विचारलं. मी देवाशपथ सांगितलं की जेवणाव्यतिरिक्त काही नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ थोडा प्रसाद. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि पुन्हा काढली. प्रसाद मोजायचा नसतो, असं मी त्यांना समजावलं. त्या म्हणाल्या, देव मोजत नसेल, यकृत मोजतं.

तुमचा डबा अजून थोडा आहे. फार सुरेख झालाय हो. टाकवत नाही आणि लपवावा तर माझ्याचपासून लपवायचा, हा मोठा पेच. पोशाखही छान आहे, आत अजून एक मी मावेन.

तुम्हाला ताप येतोय असं बंधुराजांकडून कळलं, उतरला का? तीन ओळी तरी लिहा. लोभ ठेवा, तो कितीही खाल्ला तरी काटा हलत नाही.

तुमची,
वहिनी


दि. २१ फेब्रुवारी

ती. वहिनींस,

सा. न. अक्षर वेडंवाकडं वाटेल, पडून लिहितेय.

मान सरळ झाली असेल अशी आशा. दुसरा डबा पाठवलाय, मागच्यापेक्षा मोठा आहे. तोही देवापुढे ठेवलेला. काटा हलत नसेल तर मनाला लावून घेऊ नका. नाही झालं तर नाही. मी कुणाला दोष देणार नाही, तुम्हाला तर नाहीच. एकदा दादाला बसवून तसं सांगून टाका. डॉक्टरांनाही सांगा, म्हणजे तुमची ही दगदग थांबेल.

शिलाईचं पायमशीन मागच्या गल्लीतल्या बाईंना वापरायला दिलंय. गंजण्यापेक्षा चालतं राहिलेलं बरं. नवे कपडे घेणं बंद केलं. घेतलेले तेवढे हातशिलाईने पुरे करते.

तुमची,
नणंद


॥ श्री ॥
दि. २ मार्च

वन्सं यांस,

नमस्कार. या वेळी सप्रेम लिहायला पेन टेकवलं होतं, मग म्हटलं, आधी भांडण आटपू.

मला तुम्ही पुरतं ओळखता. ही बाई अन्न टाकणार नाही, प्रसाद नाकारणार नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? पण मीही तुम्हाला ओळखते. दुसरा डबा आला त्या दिवशी तुमच्या पोशाखाची एक शिवण वाळत घालताना कुंपणाच्या काटेरी तारेला अडकून उसवली. धुणं बाजूला ठेवून टाके घालायला बसले. वन्सं, तुम्ही आयुष्यात बोटभर कापड वाया घालवलेलं नाही. उरलेल्या चिंध्यांच्या उशा करता. आणि मला पोशाख ढगळ? तोही माझी मापं तोंडपाठ असताना? सुई हातात धरून मी विचार करत राहिले. ही बाई माणूस बारीक होणार असेल तर आधीच दोन बोटं आत घेऊन शिवते. तुम्ही मला बारीक होण्यासाठी शिवलंच नव्हतं. तुम्ही जाडी होण्यासाठी शिवलं होतं.

मग एकेक आठवायला लागलं. माझ्या ताटातलं तूप बघून वर्षानुवर्षं भुवया उंचावणारी नणंद मला तुपात बुडवलेलं गोड पाठवते. फोनवर भावाची तब्येत विचारायच्या आधी डबा संपला का, हे विचारते. आणि आता हे तिसरं, मशीन देऊन टाकलं.

तुम्हाला मी नापास व्हायला हवी आहे.

का, तेही मला कळतं. ऑपरेशनच्या टेबलावर मला काही झालं तर दादाची बहीणही जायची आणि बायकोही, ही भीती. तुम्ही तोंडाने नको म्हणाला असतात तर मी ऐकलं नसतं, म्हणून देवाला मध्ये घातलंत. देवाला! पूजेला बसले तेव्हा मला त्याचा चेहरासुद्धा जरा ओशाळलेला वाटला.

आता माझं ऐका. सासूबाईंना वाटायचं, धुतल्यावर माझे ब्लाउज आटतात. दरवर्षी तुम्ही ते गुपचूप उसवून सैल करून द्यायचात आणि त्यांना सांगायचात की आजकाल कापडच चांगलं येत नाही. तोंडावर मला पिंप म्हणायचात आणि पाठीमागे कापडाला बोल लावायचात. तुम्हाला वाटलं, मला माहीत नाही? मी घरात आले तेव्हा या घरातलं पहिलं माणूस माझ्या बाजूला आलं ते तुम्ही. तेव्हा धोका कुणी घ्यायचा, हे तुम्ही एकटीने ठरवू नका. डॉक्टरांनी मला सगळं सांगितलंय, चांगलं आणि वाईट दोन्ही. मी पोथीवाली असले तरी आंधळी नाही. मला भीती वाटते. रोज वाटते. तरी चालते, कारण चालताना भीतीला स्तोत्रापुढे जागा उरत नाही.

राहिला डबा. खूप विचार केला आणि मग लख्ख दिसलं. प्रसाद एकटीने खाल्ला तर तो प्रसाद कसला? तो वाटायचाच असतो. फक्त तुमच्यासाठी, हे तुम्ही म्हणालात, देव नाही म्हणाला. तेव्हा रोज सकाळी डबा घेऊन निघते आणि रस्त्यावरच्या इमारतींचे जिने चढून दारोदार वाटते. टायपिस्ट बाई, घड्याळजी, इस्त्रीवाला, शाळेचा घंटेवाला, कुणी सुटलं नाही. घड्याळजींचा पट्टा एक भोक पुढे सरकलाय. गल्लीची चरबी वाढली, माझी उतरली. अन्न वाया गेलं नाही, देव नाराज नाही, आणि रिकाम्या हाताने चढणं नाही! असला फायद्याचा व्यायाम शिट्टीबाईंनाही सुचला नव्हता.

आणखी डबे पाठवायचे असतील तर खुशाल पाठवा. पलीकडचा रस्ता अजून बाकी आहे.

काल तुमचे बंधुराज न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ आत होते. रडण्याचा आवाज येऊ नये म्हणून. एवढं पाणी वाहून गेलं आणि मी दारावर थाप मारली नाही. यावरून काय ते समजा.

लोभाचं तुम्ही बघा, माझा आहे तिथेच आहे.

तुमची,
वहिनी


॥ श्री ॥
दि. १५ मार्च

ती. वहिनींस,

शिरसाष्टांग नमस्कार, आणि कान धरून.

पकडलीत. शिंपिणीची चोरी शिवणीतून उघडी पडली, याहून लाजिरवाणं काय असणार? तुमचं पत्र आल्यापासून दोन दिवस रागात होते, आणि राग कुणावर तेच ठरेना.

तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, पण अर्धंच. भीती तुम्हाला काही होण्याची होतीच. दुसरी अशी की समजा दोघी वाचलो, तर मग मी आयुष्यभर तुम्हाला पिंप कोणत्या तोंडाने म्हणू? ज्या बाईचा तुकडा पोटात घेऊन हिंडायचं, तिच्याशी मिठावरून भांडायचं कसं? तुमच्याशी भांडल्याशिवाय जगण्यापेक्षा सोडून द्यावं, असं मनात येत होतं. मूर्खपणा आहे. तापात सुचलेला आहे, पण आहे.

रात्री झोप येत नाही तेव्हा तुम्ही उजव्या पायाने एकटीच कवायत करताय, असं डोळ्यांपुढे येतं आणि मला हसू फुटतं. हसलं की पोटात दुखतं. तरी हसते.

यापुढे डबे बंद. शेजारणीला सांगितलं की वहिनीने पकडलं. ती म्हणाली, बरं झालं, माझं तूपही संपलं.

एक काम करा. कंबरेभोवती दोरा धरून गाठ मारा आणि पाठवा. तुमच्या शब्दांवर माझा विश्वास आहे, पण मापावर जास्त.

भांडायची परवानगी द्याल तर लोभाचं कर्ज मान्य.

तुमची,
नणंद


॥ श्री ॥
दि. १७ एप्रिल

प्रिय वन्सं यांस,

सरळ मानेच्या वहिनीचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

आज तपासणी झाली. डॉक्टर पडद्याकडे बघत राहिले, मी डोळे मिटून जप धरला. बंधुराज बाहेर बाकावर बसले होते आणि त्यांच्या शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी त्यांचा हात धरला होता. नंतर कळलं, तो बंधुराजांनीच आपणहून धरला होता, आणि ते गृहस्थ बिचारे संकोचाने सोडवू शकले नाहीत.

शेवटी डॉक्टर म्हणाले की आभाळ बरंचसं निवळलंय. पुरतं नाही, पण त्यांना चालेल एवढं. म्हणजे काठावर पास! मॅट्रिकलाही काठावरच होते, तेव्हा परंपरा राखली. शिट्टीबाईंनी भर हॉस्पिटलात शिट्टी फुंकली, त्यावरून त्यांना समज मिळाली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन ठरलंय. तुमच्या डॉक्टरांना इथूनच कळवतील. बंधुराज तुम्हाला आणायला रविवारी निघतात. त्यांच्यासमोर रडू नका, तुमच्याकडच्या नळाला पाणी बेताचंच असतं.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती तुम्हाला सांगायलाच हवी. माझ्यातला तुकडा काढला तरी उरलेला वाढून पुन्हा भरून येतो, आणि तुम्हाला दिलेलाही वाढतो. मी त्यांना दोनदा विचारलं. वन्सं, आजवर इतके हिशेब केले, पण दिलं आणि कमी झालं नाही, असा हा पहिलाच. माझ्यासारख्या चिक्कू बाईसाठी देवाने खास राखून ठेवलेला दिसतो.

आता भांडणाविषयी. मी परवानगी देत नाही, मी अट घालते. शुद्धीवर आल्यावर तुमचं पहिलं वाक्य गोड निघालं तर मी समजेन की तुमच्या डोक्याला काही झालंय. हॉस्पिटलातल्या आमटीत मीठ नसतं, असं ऐकते. तिथून सुरुवात करता येईल. तुम्ही नेहमीप्रमाणे जास्त आहे म्हणा, मी कमी आहे म्हणेन.

दोरा मागितला होतात तो यासोबत तुमच्या रिकाम्या डब्यात घालून पाठवतेय. डबा रिकामा परत करू नये म्हणतात, तेवढंच भरलंय. पोशाखही आहे. मागे नुसता मोकळा होता, आता तर चालताना माझ्या मागून येतो. टायपिस्ट बाईंनी आत घेऊन देते म्हटलं, घड्याळजींनी ओळखीचा शिंपी सुचवला. मी दोघांनाही नाही सांगितलं. मला दुसऱ्या कुणाची शिलाई बसत नाही, आणि आता सवय बदलायचं वय नाही.

तेव्हा निघण्याआधी मागच्या गल्लीतल्या बाईंकडे जा आणि सांगा, मशीन एवढ्यात लागणार आहे, परत द्या.

लोभ मापात ठेवू नका, तो ढगळच बरा.

तुमची,
वहिनी (किरकोळ भावातली)